सूचना : हूकअप वायरची एकत्र खरेदी

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या शनिवारी संध्याकाळी ५ वाजता मेहेर सिग्नलजवळ जमून महात्मा गांधी रोडवरच्या दुकानांतून हूकअप वायर, म्हणजे सर्किट जोडायची बारीक वायर, घ्यायची आहे. आपली मागणी गुरुवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर टाका. रंग, मीटर आणि कशासाठी हवी, हे तिन्ही लिहा.

* ब्रेडबोर्डसाठी (भोकांत तारा खोचून सर्किट जोडायची पाटी) एकतारी, साधारण ०.६ मिमी जाडीची. नुसतं "२२ नंबर" लिहू नका. २२ एडब्ल्यूजी (अमेरिकी माप) ०.६४ मिमी असते, २२ एसडब्ल्यूजी (ब्रिटिश माप) ०.७१ मिमी, आणि जाड तार भोकं कायमची सैल करते.
* मोटर, सेन्सर अशा हलत्या जोडण्यांसाठी बहुतारी, ७/३६ किंवा १४/३६ (म्हणजे ३६ एसडब्ल्यूजीच्या ७ किंवा १४ बारीक तारा एकत्र).
* तांबंच हवं. काही स्वस्त वायरमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम असतं. टोक ब्लेडनं खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर घेऊ नका. अशी तार वारंवार वाकवली की लवकर तुटते.

लाल (धन टोकासाठी) आणि काळी (ऋण टोकासाठी) वायर प्रत्येकानं घ्याच, नवख्यांनी तर नक्कीच. पुरवठ्याची दिशा चुकून बोर्ड जळण्यापेक्षा ते बरं. अंदाजे पैसे मागणीसोबतच द्यावेत. घरी जुनी लॅन केबल असेल तर आणा, तिच्यातल्या ०.५ मिमीच्या एकताऱ्या ब्रेडबोर्डला छान चालतात. शाळकरी सभासदांना वाटून टाकू.