संदेश महिना संपण्याआधी यावा

संपादक महोदय,

राज्यात घरोघरी स्मार्ट मीटर बसू लागल्यापासून चर्चा होते ती बिल वाढणार का, याचीच. त्या मीटरमधली माहिती घरातल्या बाईमाणसाच्या कामी कशी येईल, हे फारसं कुणी विचारत नाही.

मी सोलापूरच्या पूर्व भागात मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीची तार नव्याने गुंडाळायचं काम करतो. जळका पंखा, कुलरची मोटार घेऊन आलेल्या बाया बिल पुढे करून विचारतात, "दादा, एवढं कशानं आलं?" बिलावर महिन्याचे एकूण युनिट असतात. पंख्याने किती खाल्ले आणि नळाला पाणी आल्या दिवशी लावलेल्या मोटारीने किती, ते त्यावरून कळत नाही. मग मी हिशोब मांडतो. जुना छताचा पंखा 75 वॅटचा. वीस तास चालला तर दिवसाला दीड युनिट, महिन्याला 45. उन्हाळ्यात पत्र्याखाली विड्या वळणाऱ्या बाईला पंखा बंद कर म्हणणं निर्दयपणाचं आहे. पण तोच पंखा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या धर्तीच्या मोटारीचा, 30 वॅटचा असेल तर 18 युनिटांत भागतं. हे ऐकलं की बाया तिथल्या तिथे घरातले पंखे मोजू लागतात.

असा आकडा वेळेवर मिळावा, एवढीच मागणी आहे. 100 युनिटांच्या पुढे, आणि पुन्हा 300 च्या पुढे, वरचा दर लागतो. मीटरकडे रोजची नोंद असते, तर 80 युनिट होताच "अजून बारा दिवस बाकी आहेत" असा साधा संदेश वीज कंपनीने पाठवावा. मराठीत, आणि आमच्या भागात तेलुगूतही. ॲप उघडून बघतो घरातला पोरगा; कुलर आणि मोटार चालू करते त्याची आई. संदेश तिच्या फोनवर आला पाहिजे.

ऑक्सफर्डच्या सारा डार्बी यांनी 2006 मध्ये अशा प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा वापर लगेच डोळ्यांसमोर दिसणाऱ्या घरांत साधारण 5 ते 15 टक्के बचत आढळली. शेजाऱ्यांशी तुलना मात्र जपून करावी. कॅलिफोर्नियातल्या, 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सरासरीपेक्षा कमी वीज वापरणाऱ्यांना नुसती सरासरी कळवली, तर त्यांचा वापर वाढला. सोबत हसरा चेहरा काढला, तेव्हा वाढला नाही. दोन पंखे आणि एका दिव्यावर महिना काढणारी कुटुंबं आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत. त्यांना शाबासकीचा संदेश आधी जावा.

येत्या उन्हाळ्याआधी निदान एका फीडरवरच्या, म्हणजे एकाच वीजवाहिनीवरच्या, घरांत हे करून पाहावं, ही विनंती.

— एक रिवाइंडिंग कारागीर, अशोक चौक, सोलापूर