संस्कृती मंत्री लिसा नँडी यांना खुले पत्र: आमच्या सहा घंटा गप्प आहेत

माननीय लिसा नँडी,
संस्कृती, माध्यम व क्रीडा मंत्री, लंडन

सादर नमस्कार.

इंग्रजी पत्र आमच्या खासदारांमार्फत रीतसर धाडलं आहे. हे मराठी पत्र तुमच्या टेबलावर कुणी ठेवेल अशी माझी समजूत नाही. पण खुलं पत्र जितकं मंत्र्याला असतं तितकंच आपल्या माणसांना असतं, आणि माझी माणसं हॅरोत, स्लावमध्ये, पुण्यात, वाईत आहेत. गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे वर्गणी मागितली, ती दक्षिण इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या एका खेड्यातल्या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, चर्चच्या मनोऱ्याच्या दुरुस्तीसाठी. ग्रुपवर अर्धा तास शांतता. मग एका मावसभावानं विचारलं, "ताई, तू बाटलीस की काय?" तेव्हा त्या दुरुस्तीबद्दल आणि तिच्यावरच्या कराबद्दलचं हे पत्र तुम्हाला आहे आणि त्यालाही.

बाटले नाही. घरात गणपती आहे, चतुर्थीला मोदक होतात. मी आमच्या चर्चमध्ये घंटा वाजवते, एवढंच. (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चर्चच्या छपरावर शिशाचे पत्रे आहेत आणि शिसं चोरणारेही इंटरनेट वाचतात.)

राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकाच्या आधी, 2023 मध्ये, 'रिंग फॉर द किंग' म्हणून देशभर घंटा वाजवणारे शोधत होते. मी वाईची. मेणवलीच्या घाटावर मेणेश्वराच्या देवळापुढे जी प्रचंड घंटा टांगली आहे, ती चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेनंतर, 1739 नंतर आपल्याकडे आलेली पोर्तुगीज चर्चची घंटा. नाना फडणविसांनी ती तिथे बसवली. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्याखाली उभं राहून टोल पडायची वाट बघत आम्ही कान झाकायचो. त्यामुळे चर्चची घंटा ही मला कधी परकी वस्तू वाटलीच नाही. नाव दिलं.

पण इथली घंटा वाजवणं म्हणजे लोलक धरून ठोकणं नव्हे. घंटा लाकडी चाकाला जखडलेली असते आणि तोंड वर करून उलटी उभी असते. दोर ओढला की ती पूर्ण फेरी मारून दुसऱ्या बाजूनं पुन्हा उलटी उभी राहते. दोराला हाताच्या उंचीवर लोकरीचा जाड, रंगीत गोंडा असतो, त्याला 'सॅली' म्हणतात. सॅली योग्य क्षणी सोडायची, हा सगळा विद्येचा पाया. मी तिसऱ्या आठवड्यात ती सोडायला विसरले. अर्धा टन ब्राँझ एकीकडे आणि मी दुसरीकडे. पाय जमिनीवरून सुटले. "लेट गो!" असं सहा जणांनी एकदम ओरडल्याचं आठवतं. खाली आपटले, हाताची साल गेली, पुढच्या मंगळवारी परत गेले.

सहा घंटा सहा जणांच्या हाती. सर्वांत हलकी ट्रेबल, सर्वांत जड टेनर. ट्रेबलवाली बाई म्हणते, "लुक टू! ट्रेबल्स गोइंग… शीज गॉन!" आणि सुरू. आधी उतरत्या स्वरांची सरळ ओळ, मग दर फेरीला क्रम बदलायचा, प्रत्येक घंटेनं फार तर एकच जागा पुढे किंवा मागे सरकायची, आणि एकदा वाजलेला क्रम पुन्हा येता कामा नये. सहा घंटांचे 720 क्रम होतात, वाजवायला साधारण पंचवीस मिनिटं लागतात. सात घंटांचे 5040, त्याला तीन तास. चाल नाही, गाणं नाही, निव्वळ गणित. सतराव्या शतकापासून इंग्लंडच्या खेड्यांतले सुतार, लोहार, शेतमजूर हे तोंडपाठ करत आले. ताल चुकला की आमचे टेनरवाले आजोबा नुसते माझ्याकडे बघतात. तबल्याच्या क्लासातल्या बुवांची आठवण येते.

या वर्षी दर पाच वर्षांनी होणारी तपासणी झाली. ती करून घेणं चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रत्येक चर्चला बंधनकारक असतं, 1955 पासून. वास्तुविशारदानं मनोऱ्याच्या दगडात बोट घातलं आणि पापुद्रा हातात आला. मी स्थापत्य अभियंता, त्यामुळे मलाही वर नेलं. रोग बघताक्षणी कळला. गेल्या शतकात कुणीतरी जुना चुना खरवडून दगडांमधले सांधे सिमेंटनं भरले होते. चुन्यातून ओल बाहेर पडते. सिमेंट ती आत कोंडतं, मग पाणी दगडातून वाट काढतं, हिवाळ्यात गोठतं आणि दगड सालपटासारखा सुटतो. हेच मी वाईच्या वाड्यांत पाहिलंय. आपल्याकडे किल्ल्यांवर चुन्याचे घाणे अजून दिसतात, चुन्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालणारे गवंडी माझ्या आजोबांनी पाहिले होते, आणि त्यांच्या नातवंडांनी त्याच भिंतींवर सिमेंट थापलं. शहाणपण विसरायला कुठला खंड लागत नाही.

फिरती घंटा मनोऱ्याला हलवते. आडवा जोर तिच्या वजनाच्या दुपटीच्या आसपास जातो, उभा चौपटीच्या. सुटलेल्या दगडांत हे चालायचं नाही. म्हणून दोर गुंडाळून वर बांधून ठेवले आहेत. 9 नोव्हेंबरला स्मरणाचा रविवार, युद्धात गेलेल्यांच्या आठवणीचा. त्या दिवशी लोलकाच्या एकाच बाजूला चामड्याची गादी बांधतात, म्हणजे एक फेरी खणखणीत आणि पुढची तिचाच पडसाद वाटावा अशी दबकी. यंदा आमच्या गावात ते नाही. याआधी या घंटा मोठ्या काळासाठी गप्प झाल्या त्या जून 1940 मध्ये. जर्मन उतरले तरच वाजवायच्या असा हुकूम होता. नोव्हेंबर 1942 मध्ये इजिप्तमधल्या अल अलामेनच्या विजयासाठी त्या देशभर वाजल्या. मग कोविड. आता व्हॅट.

हो, व्हॅट, मूल्यवर्धित कर. नँडीबाई, मुद्द्यावर येते.

तुमच्या देशात नवं घर बांधलं तर व्हॅट शून्य. आठशे वर्षांची इमारत दुरुस्त केली तर वीस टक्के. 2001 मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांनी यावर तोडगा काढला. युरोपच्या नियमांमुळे कर कमी करता येत नव्हता, म्हणून संरक्षित यादीतल्या प्रार्थनास्थळांना भरलेला व्हॅट अनुदान म्हणून परत द्यायचा. चर्च, सिनेगॉग, गुरुद्वारा, मशीद, मंदिर, सगळ्यांना. योजना कंटाळवाणी होती आणि चालत होती, याहून सरकारी योजनेची मोठी स्तुती मला माहीत नाही. जानेवारी 2025 मध्ये तुमच्या खात्यानं तिची तरतूद 4 कोटी 20 लाख पौंडांवरून 2 कोटी 30 लाखांवर आणली, एका इमारतीला वर्षाला 25,000 पौंडांची कमाल मर्यादा घातली आणि 31 मार्च 2026 नंतरचं काहीच सांगितलं नाही.

मर्यादा कुठे बोचते बघा. सव्वा लाखापर्यंतच्या कामाला ती लागत नाही. गळकं पन्हळ, चार कौलं, ठीक. पण मनोरा म्हणजे परांचीच आधी डोळे पांढरे करते. समजा काम तीन लाखांचं. व्हॅट साठ हजार. पंचवीस परत. उरलेले पस्तीस हजार पौंड गावानं जमवून सरकारला कर म्हणून द्यायचे. आमचं गाव ते जमवतं केक विकून. शब्दशः. शनिवारी कॉफी आणि व्हिक्टोरिया स्पंज, उन्हाळ्यात जत्रा, हिवाळ्यात प्रश्नमंजूषा. खजिनदारबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. मी गणित करून दाखवलं, त्या म्हणाल्या, "म्हणजे पहिले पाच-सहा हजार केक राजासाठी."

इथे मावसभाऊ विचारतो, आणि तुमच्या कचेरीतही कुणी विचारत असेल: चर्च ऑफ इंग्लंडकडे पैसा नाही? आहे. त्याची मालमत्ता सांभाळणाऱ्या चर्च कमिशनर्सकडे दहा अब्जांहून अधिक पौंडांचा निधी आहे. त्यातून बिशप, कॅथीड्रल, 1998 च्या आधीच्या सेवेची धर्मगुरूंची निवृत्तिवेतनं वगैरे जातात. खेड्यातलं छप्पर कायद्यानं गावाच्या गळ्यात आहे, उलट गावच दरसाल वरती वाटा पाठवतं. यावर माझाही राग आहे आणि तो मी त्यांना वेगळ्या पत्रात कळवला आहे. पण त्यांनी हात आखडला म्हणून तुम्हीही आखडावा, हे काही उत्तर नव्हे.

कारण ही इमारत चर्चला जाणाऱ्यांची कधीच नुसती नव्हती. जुन्या रीतीप्रमाणे वेदीकडचा भाग रेक्टरनं, म्हणजे तिथल्या धर्मगुरूनं, सांभाळायचा आणि लोक बसतात तो भाग गावानं, भाविक असो नसो. 1868 पर्यंत त्यासाठी सक्तीची 'चर्च रेट' पट्टी होती. पिकाचा दशांश होता, आपल्या बलुत्यासारखाच भांडणांनी भरलेला. तो नंतर रोखीत गेला आणि 1936 मध्ये संपला. दोन्ही गेले ते बरंच झालं. पण पट्टी गेली, दशांश गेला, जबाबदारी तेवढी राहिली. 1601 च्या कायद्यानं गावातल्या गरिबांचं पोट याच पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावाच्या, पट्टीवर चालत होतं. 1538 मध्ये टॉमस क्रॉमवेलच्या हुकमानं बारसं, लग्न, मर्तिक यांची नोंदवही सुरू झाली. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांत माझ्या पणजोबांची सही सापडली होती, तेव्हा जे वाटलं तेच इथली नोंदवही पाहणाऱ्या ऑस्ट्रेलियन पाहुण्यांच्या तोंडावर मी पाहिलं आहे.

आणि कायदा अजून तोच आहे. घटस्फोटासारखे काही अपवाद सोडले तर पॅरिशमध्ये राहणाऱ्या कुणालाही, धर्म कुठलाही असो, या चर्चमध्ये लग्न लावायचा हक्क आहे. आवारात जागा असेल तर पुरलं जाण्याचाही. म्हणजे मला इथे हक्काची साडेतीन हात जागा आहे. (नको आहे. रक्षा कृष्णेत जाईल, मुलीला सांगून ठेवलंय.) धर्मगुरूबाईंवर चार गावांचा भार आहे, पण माझ्या आईची तब्येत बिघडली त्या आठवड्यात दार वाजवलं ते त्यांनीच. बायबल काढलं नाही. भांडी घासली.

आता एक अवघड गोष्ट. आमच्या भिंतीवर एक पितळी पाटी आहे: एकवीस वर्षांचा लेफ्टनंट, पुण्यात पटकीनं गेला. पहिल्यांदा वाचली तेव्हा मनात आलं, तुला बोलावलं कुणी होतं? इथून गाडीनं थोड्या अंतरावर लिम्प्सफील्ड आहे. तिथे सेंट पीटर्सच्या आवारात संगीतकार डीलियसची कबर बघायला लोक येतात. मी गेले ती दुसऱ्याच माणसासाठी. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, पेशव्यांच्या दरबारातला रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा वकील, नोव्हेंबर 1817 मध्ये ज्याचा संगमावरचा बंगला पुस्तकांसकट जळाला आणि ज्यानं नंतर पेशवाईच गुंडाळली, तो 20 नोव्हेंबर 1859 ला लिम्प्सफील्डमध्ये वारला आणि तिथल्याच मातीत गेला. मुंबईतल्या स्टेशनावरून त्याचं नाव 2018 मध्ये उतरलं, आता प्रभादेवी. बरोबरच झालं. पण विश्रामबागवाड्यात 1821 मध्ये जी पाठशाळा निघाली ती त्याच्याच कारकिर्दीत, आणि तिच्यातून पुढे डेक्कन कॉलेज उभं राहिलं. पावसात उभी राहून मी ठरवू शकले नाही की या माणसावर चिडायचं की काय करायचं. तिथे उभं राहता आलं, कारण गावातल्या कुणीतरी गवत कापलं होतं, दार उघडं ठेवलं होतं. आमचा इतिहास तुमच्या खेड्यांच्या भिंतींवर आहे. तो पुसून नको आहे, वाचायला हवा आहे, आणि त्यासाठी भिंत उभी हवी.

तुमचे वडील कोलकात्याहून या देशात आले. आपलं इथे काय आहे, हा प्रश्न तुमच्या घरातही कधी ना कधी निघाला असेल. म्हणून माझं म्हणणं तुम्हाला लांबचं वाटू नये.

मागणी दोनच ओळींची. व्हॅट परतीची योजना कायम करा आणि 25,000 ची मर्यादा काढा. युरोपचा अडसर आता उरलेला नाही, त्यामुळे दुरुस्तीवरचा कर थेट शून्य करणं सर्वांत स्वच्छ. ते तुमच्या हातात नाही, खजिन्याच्या, म्हणजे अर्थखात्याच्या, आहे, हे मला ठाऊक आहे. पण खजिन्याचं दार तुमच्या खात्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आणि काहीच जमणार नसेल तर निदान लवकर सांगा. चुन्याचं काम थंडीत होत नाही, गोठलं की वाया जातं. ते वसंतातच सुरू करावं लागतं, आणि त्यासाठी परांचीवाल्याला जानेवारीत होकार द्यावा लागेल. 31 मार्चनंतर काय, हे कळल्याशिवाय खजिनदारबाई सही करणार नाहीत. मी त्यांच्या जागी असते तर मीही केली नसती.

मावसभावानं काल रात्री पन्नास पौंड पाठवले. खाली लिहिलंय, "मेणवलीच्या घंटेसाठी समज."

आपली,
वाईची, सध्या मुक्काम सरे,
तीन नंबरच्या घंटेवाली

ऑक्टोबर 2025