मोटर जळते ती केवळ डीपीमुळे नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रब्बीचे पाणी सुरू झाले की मराठवाड्यात मोटरी जळाल्याच्या तक्रारी वाढतात आणि त्याचे खापर बहुतेक वेळा डीपीवर, म्हणजे शिवारातल्या रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर), फुटते. डीपीवर क्षमतेपेक्षा जास्त भार असतो हे खरे आहे आणि त्याचा जाब वीज कंपनीला विचारलाच पाहिजे. परंतु खांबापासून विहिरीपर्यंत आपण पदरच्या पैशाने ओढलेली केबल किती व्होल्ट खाते, याचा हिशेब क्वचितच कोणी मांडतो.

आपल्याकडे पाणी लागते तिथे खांब नसतो, त्यामुळे अर्धा किलोमीटर केबल ही काही अपवादाची गोष्ट राहिलेली नाही. तारेचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, लांबीबरोबर वाढतो आणि जाडीबरोबर घटतो. मात्र लांबी-जाडी सारखीच ठेवली तरी धातू बदलला की तो बदलतो. एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर काटछेदाच्या तारेचा रोध २० अंश सेल्सिअसला तांब्यात सुमारे ०.०१७ ओहम, अॅल्युमिनियममध्ये सुमारे ०.०२८ ओहम, तर लोखंडात ०.१ ओहमच्या आसपास असतो.

आता पाच एचपीची तीन फेजची मोटर घ्या. पूर्ण भारावर ती साधारण साडेसात अँपियर प्रवाह घेते. चार चौरस मिलिमीटरची अॅल्युमिनियमची केबल पाचशे मीटर ओढली, तर प्रत्येक तारेचा रोध साडेतीन ओहम भरतो आणि ४१५ पैकी जवळपास ४० व्होल्ट वाटेतच संपतात. तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या केबलीत ही घट २४ व्होल्टच्या आसपास राहते. मोटरचा पीळ (फिरवण्याचा जोर, टॉर्क) व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, पाण्याचा भार मात्र तेवढाच असतो. म्हणून मोटर जास्त प्रवाह ओढते, त्याने वाटेतली घट आणखी वाढते आणि वाइंडिंगमधली उष्णता तर प्रवाहाच्या वर्गाने वाढत जाते. त्यात धातूचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के चढतो. एप्रिलच्या उन्हात काळ्या रानावर पडलेली केबल ६० अंशांपर्यंत तापली, तर वरचे आकडे सहाव्या हिश्श्याने वाढवूनच धरावे लागतील.

याचा अर्थ अॅल्युमिनियम टाकाऊ आहे असा नाही. तांब्याच्या सुमारे १.६ पट काटछेदाची अॅल्युमिनियमची तार तेवढाच रोध देते आणि वजनाने निम्मी भरते. शिवाय तिच्यावर चोरांचा डोळाही कमी असतो. वरच्याच अंतराला दहा चौरस मिलिमीटरची केबल घेतली, तर घट सोळा व्होल्टच्या आत येते. खरी खोट बारीक तारेत आणि जोडांत आहे. अॅल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर चढतो, तो वीज वाहू देत नाही. त्यावर तांब्याची तार नुसती पिळून चिकटपट्टी गुंडाळली की ओलाव्याने दोन धातूंच्या सांध्यात गंज धरतो, रोध वाढतो आणि जोड तापून काळा पडतो. अशा ठिकाणी दोन्ही धातूंसाठी बनवलेले लग (तारेच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) दाबून बसवणे हाच मार्ग आहे.

तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार तांब्याच्या नावाने विकली जाण्याचा धोका वेगळाच. ब्लेडने खरवडून पाहिल्यास आतला पांढरा धातू दिसतो. वजनानेही फरक कळतो, कारण तांबे अॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड असते.

भारतीय मानक ८१३० मध्ये प्रत्येक जाडीच्या तारेचा दर किलोमीटरला कमाल रोध ठरवून दिलेला आहे. तालुक्याच्या दुकानांतून केबल विकताना पावतीवर धातू, काटछेद आणि हा आकडा लिहिणे सक्तीचे करावे. तसेच कृषिपंपाची जोडणी देताना किती अंतराला व किती एचपीला कोणती केबल लागते, याचा मराठी तक्ता वीज कंपनीने मंजुरीपत्रासोबतच द्यावा, अशी मागणी आपल्या वृत्तपत्रातून संबंधितांपर्यंत पोहोचावी, ही विनंती.

आपला,
वीजतंत्री व्यवसायाचा एक निवृत्त निदेशक,
परभणी