'रफ' म्हणजे नुसतं खडबडीत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात मुलांसाठी रोज एक इंग्रजी शब्द येतो. माझ्याकडं शिकवणीला येणारी पोरं तो चौकोन कापून वहीत चिकटवतात, तेव्हा आधी त्याबद्दल मनापासून आभार. पण परवा त्यात 'रफ' आला होता आणि समोर फक्त 'खडबडीत' एवढंच छापलं होतं, ते बघून राहवलं नाही म्हणून हे पत्र लिहितेय.

एका इंग्रजी शब्दासमोर एकच मराठी शब्द पाठ करायची जी सवय आपण मुलांना लावलीय ना, तिनं त्यांचं फार नुकसान होतं असं माझं स्पष्ट मत आहे. आठवीतल्या एका मुलीनं 'द सी वॉज रफ' याचं 'समुद्र खडबडीत होता' असं लिहिलं. मी विचारलं, अगं समुद्र खडबडीत कसा असेल? तर म्हणाली, मॅडम, मलापण तसंच वाटलं पण अर्थ तोच दिलाय ना. खवळलेला समुद्र हा शब्द तिला येत होता, तो तिच्या मराठीच्या धड्यात होता, काहीतरी चुकतंय हेही कळत होतं, तरी छापलेल्या अर्थापुढं पोरीनं स्वतःचं डोकं बाजूला ठेवलं. मला याचंच जास्त वाईट वाटतं.

आता बघा, इंग्रजीत तो एकच 'रफ' फिरतो आणि आपल्याकडं मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द तयार आहे. भिंत खडबडीत, हात खरखरीत, केस राठ, कापड जाडंभरडं, आवाज घोगरा, रस्ता खाचखळग्यांचा, अंदाज ढोबळ, वही कच्ची, माणूस रांगडा आणि खेळ धसमुसळा! यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही, कच्चा आवाज किंवा ढोबळ केस कुणी म्हणणार नाही. कँडीसाहेबांनी 1847 साली इंग्रजी-मराठी कोश पुरा केला त्यातसुद्धा असल्या शब्दांसमोर मराठी शब्दांची रांगच्या रांग असते, आणि आज आपण मुलांच्या हातात एक शब्द ठेवून मोकळं होतो.

मुलं विचारतात की एकाच शब्दाला एवढे अर्थ आले कुठनं. मी त्यांना हळदीचं सांगते, कारण सांगलीच्या पोराला दुसरं काही सांगायची गरजच नाही. शिजवून वाळवलेलं हळकुंड पॉलिशच्या आधी हातात घेतलं की बोटाला खरबरीत लागतं, वर खवल्यासारखी साल असते, बारीक मुळ्या चिकटलेल्या असतात, रंग मळकट असतो. तेच ड्रममध्ये घालून फिरवलं की एकमेकावर आणि ड्रमच्या जाळीवर घासून वरचं सगळं निघून जातं आणि पिवळंधमक गुळगुळीत होऊन बाहेर येतं. म्हणजे ज्या मालावरचा शेवटचा हात फिरायचा राहिलाय तो हाताला खरबरीत लागतो, या दोन्ही गोष्टी एकत्रच असतात. 'रफ'चं हेच झालंय, आधी स्पर्श, मग त्यातनं 'अजून पुरं न झालेलं'. रफ ड्राफ्ट, रफ एस्टिमेट, सुरतेच्या बाजारात पैलू न पाडलेल्या हिऱ्याला म्हणतात तो रफ, सगळे या फांदीवरचे. दुसरी फांदी निघाली ती 'मऊपणा नसलेलं', तिच्यावर रफ समुद्र, रफ खेळ, रफ बोलणं. आणि तिथूनच पुढं 'अवघड, त्रासाचं', म्हणजे कुणी 'रफ टाइम' चाललाय म्हणालं तर त्याचे दिवस वाईट चाललेत. ह्या दोन फांद्या एकदा फळ्यावर काढून दाखवल्या की सातवीचं पोरगंसुद्धा नवीन वाक्यातला अर्थ आपला आपण लावतं, हे मी रोज बघते.

पाठांतरानं जास्त फसगत होते ती ब्रिटिश इंग्रजीत. परदेशी जायची परीक्षा देणाऱ्या एका मुलाला उताऱ्यात 'स्लीपिंग रफ' आलं, त्यानं अर्थ लावला नीट झोप न लागणं. खरं तर तिकडं घर नसलेला माणूस रस्त्यावर, उघड्यावर झोपतो त्याला ते म्हणतात, सरकारी कागदातही हाच शब्द आहे, इंग्लंडमध्ये दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडावर एका रात्रीचा अशा लोकांचा आकडा काढतात. सगळा उताराच बेघर लोकांवर होता, पोरानं तो झोपेच्या आजारावर समजून वाचला, आणि हुशार पोरगा आहे हो! तसंच तिकडचा माणूस 'आय फील रफ' म्हणाला तर त्याला बरं वाटत नाहीये. 'रफ डायमंड' म्हणाला तर वागायला रांगडा पण मनानं चांगला माणूस. आणि 'रफशॉड' हा तर मला फार आवडणारा शब्द आहे, बर्फावरनं घोडा घसरू नये म्हणून नालेचे खिळे मुद्दाम वर ठेवायचे, असा घोडा कुणाच्या अंगावरनं गेला तर काय होईल, त्यावरनं दुसऱ्याची पर्वा न करता वागणं असा अर्थ आला. आपण पायदळी तुडवणं म्हणतो ना, अगदी तेच.

आणि मुलांना हे जड जाईल असं कुणी म्हणू नये, त्यांना यातलं अर्धं आधीच येतं. बोलरच्या बुटांनी पिच उखडतं त्या जागेला रफ म्हणतात आणि स्पिनर तिथंच बॉल टाकायला बघतो हे गल्लीतलं पोर मला समजावून सांगतं. 2018 ला केपटाउनच्या टेस्टमध्ये ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूनं सॅंडपेपर कशाला आणला होता तेही त्यांना माहीत असतं, बॉलची एक बाजू रफ करायला. विज्ञानात पेशी शिकताना पेशीच्या आतल्या जाळीचे (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमचे) रफ आणि स्मूद असे दोन प्रकार येतात, त्यातला रफ का तर वर रायबोसोमचे कण चिकटलेले असतात म्हणून, ते पाठ असतं. डॉक्टर घरातल्या आजोबांना रफेज खा म्हणतात, म्हणजे चोथा, तेही कानावर असतं. हे सगळं एका जागी आणून मांडायचं कुणी, तर ते तुमच्यासारख्या पेपरनं मांडावं.

अजून एक, आणि हे जरा काळजीनं लिहितेय. आपण बोलताना आता मराठीतही सगळीकडं रफच घालतो, रफ वही, रफ अंदाज, रफ फरशी, गाडी रफ वापरली, तो फार रफ बोलतो. लोक बोलतात त्याला माझा विरोध नाही, मी पण बोलते. पण माझ्याकडच्या मुलांना ढोबळ माहीत नाही आणि धसमुसळा तर बहुतेकांनी ऐकलेलाच नाही. इंग्रजी शब्दाची मराठी यादी पेपरात आली तर हे शब्दही त्यांच्या नजरेखालून जातील.

तेव्हा विनंती एवढीच की रोज एक शब्द देण्यापेक्षा आठवड्याला दोनच द्या, पण वाक्यांसकट द्या, चार-पाच छोटी वाक्यं आणि प्रत्येकासमोर त्या जागी बसणारा मराठी शब्द. पुढं 'हार्ड' आणि 'सॉफ्ट' येतीलच, तेव्हा हार्ड वॉटरसमोर कृपा करून 'कठीण पाणी' छापू नका, पुस्तकात त्याला दुष्फेन म्हणतात आणि घरात आपण जड पाणी म्हणतो, दोन्ही द्या. वाक्यं जमवायला माणूस कमी पडत असेल तर मी विनामोबदला लिहून पाठवायला तयार आहे.

आपली,
शिकवणी घेणारी एक वाचक,
विश्रामबाग, सांगली