कढीपत्त्याची पानं का करपतात

स्विंडन, इंग्लंड
रविवार, २८ सप्टेंबर २०२५

ती. आई आणि ती. बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही, आणि आईचं बोलणं ‘जेवलास का’पासून सुरू होऊन ‘थंडी आहे का’पाशी संपतं. म्हणून लिहायला बसलो. ताईला सांगितलंय, मोठ्या अक्षरात छापून दे.

आई, परवा तू दोन गोष्टी विचारल्यास. कढीपत्त्याला रोज पाणी घालते तरी पानं कडेनं करपतात, ते का? आणि दुसरी, बाबांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात, ‘तू तिथं नक्की काय करतोस रे?’ दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, पहिल्याचं त्यातूनच निघतं.

मी खिडक्या धुतो. मामांना तुम्ही ‘फॅसिलिटी मॅनेजमेंट’ असं सांगितलंय. तो शब्द मीच दिला होता, तेव्हा चूक माझी. तुमच्या सुनेच्या नर्सच्या व्हिसावर मलाही काम करता येतं. आधी आठ महिने गोदामात खोकी उचलली. मग म्हापशाकडचे एक काका भेटले. या गावात पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले गोव्याचे लोक खूप आहेत, त्यांतलेच. त्यांचे गुडघे गेले होते. त्यांनी मला काम शिकवलं आणि आपला अर्धा ‘राउंड’ दिला. राउंड म्हणजे ठरलेली घरं, दर चार किंवा आठ आठवड्यांनी जायचं. मला ‘पुता’ म्हणतात. मराठी बोलता बोलता कोकणीत घसरतात, आणि रागावले की पूर्ण कोकणी.

शिडी नाही, आई, तो घोर काढून टाक. इथं २००५ पासून उंचीवरच्या कामाचे नियम कडक झाले, तेव्हापासून बरेचसे लोक जमिनीवर उभं राहूनच काम करतात. हलक्या कार्बनचा लांब दांडा असतो, टोकाला ब्रश, ब्रशमध्ये बारीक तोट्या. व्हॅनमध्ये साडेतीनशे लिटरची टाकी आणि पंप. वरच्या मजल्याची काच खालूनच घासायची, पाणी सोडायचं आणि निघायचं. पुसायचं नाही, आपोआप वाळते.

न पुसता डाग कसा पडत नाही, असं बाबा विचारतीलच. आपल्या बोअरच्या पाण्याचा तांब्या तसाच वाळला की त्यावर पांढरे ठिपके येतात ना? ते पाण्यातले क्षार. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. म्हणून काचेसाठी पाण्यातले क्षार जवळजवळ शून्यावर आणावे लागतात. इथली जमीन चुनखडीची, नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, माझ्या मीटरवर तीनशेच्या आसपास येतो. ते आधी आरओतून काढायचं, मग उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या रेझिनच्या नळकांड्यातून, आणि मीटरवर 000 दिसलं की टाकीत घ्यायचं. रेझिन संपत आलं की त्याला कुजक्या मासळीचा वास येतो. काका म्हणतात, आम्हा गोंयकारांना मीटर लागतच नाही.

म्हणजे बाबा, तुमच्या ओट्याखाली जे मशीन आहे, त्याचाच थोरला भाऊ माझ्या गॅरेजमध्ये आहे.

आणि इथेच माझी पंचाईत झाली. आरओ पाणी स्वच्छ करत नाही, पाण्याचे दोन वाटे करतो. एक गोड, एक खारट, आणि खारट गटारात. माझं मशीन पंपाच्या दाबावर चालतं, तरी एक लिटर शुद्ध पाण्यामागे दीड लिटर फेकतं. थंडीत त्याहून वाईट, कारण गार पाणी आरओच्या आतल्या बारीक पडद्यातून कमी जातं. दिवसाला मला तीनशे लिटर लागायचं, म्हणजे साडेचारशे गटारात. पाच दिवसांचे सव्वादोन हजार. पहिल्याच महिन्यात हा हिशोब वहीत मांडला आणि पेन खाली ठेवलं. दर सव्वादोन आठवड्यांना पाच हजार लिटरचा एक अख्खा टँकर मी मोरीत ओतत होतो. लातूरचा मुलगा.

इथल्या लोकांना यात काही वाटत नाही. पुष्कळ घरांना पाण्याचा मीटरच नाही, वर्षाचं ठरावीक बिल. काकांनाही वाटत नव्हतं. म्हणाले, ‘पुता, तुला काय पाण्याची ट्रेन बघायची सवय.’ चेष्टेनं म्हणाले, पण खरं होतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पहिली ‘जलदूत’ आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. बाबा मला स्टेशनकडे घेऊन गेले होते. एवढी गर्दी, आणि सगळे गप्प. त्याआधी महिनाभर पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लागली होती, ती भांडणं आणि रांगा मी रोज बघत होतो. ते बघितलेल्या माणसाला गटारात जाणाऱ्या पाण्याचा आवाज रात्री ऐकू येतो.

मग एकेक करत गेलो. पहिलं म्हणजे हात सुधारला. ब्रश काचेवर घासताना पाणी चालू ठेवायची गरजच नसते. आधी ओलं करायचं, मग तोटी बंद करून घासायचं, शेवटी वरून खाली एकदाच धुवायचं. दांड्यावरच अंगठ्याशी तोटी बसवून घेतली. शिकाऊ माणूस काच दिसेनाशी होईपर्यंत पाणी मारतो, मीही मारायचो. नियमित घरांच्या काचा मुळात फार मळत नाहीत, पहिल्या वेळेलाच काय ते पाणी लागतं. त्यामुळे आता नवं घर घेताना पहिल्या धुण्याचे पैसे जास्त सांगतो आणि नंतर तारीख चुकवत नाही. तळमजल्यावर तर दांडा काढतच नाही. अर्धी बादली पाणी, साबणाचे दोन थेंब, ओला बोळा आणि रबराची पट्टी. तेवढ्यात तीन-चार घरं होतात. ही पितळी दांड्याची पट्टी १९३६ मध्ये अमेरिकेत एतोरे स्तेक्कोने नावाच्या इटालियन माणसानं पेटंट केली. तोही दुसऱ्या देशात जाऊन काचा पुसणाराच होता. का कोण जाणे, ते वाचून बरं वाटलं.

तेवढीच घरं आता दोनशे लिटरमध्ये होतात.

दुसरं, पाऊस. पावसाच्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच. कौलावरची घाण गाळली की आरओची गरज नाही, नुसतं रेझिन पुरतं, आणि फेकायला एक थेंब नाही. घरमालकाला विचारून गॅरेजच्या पन्हाळीखाली जाळीच्या पिंजऱ्यातली एक हजार लिटरची टाकी ठेवली आहे. छप्पर पंधरा चौरस मीटर. वीस मिलिमीटर पाऊस झाला की तीनशे लिटर. बाबा, गणित तपासा. आपल्या पत्र्याचं काढा, तोंडात बोट घालाल.

पण यंदा ती टाकी वसंतातच कोरडी पडली. शंभराहून जास्त वर्षांत इंग्लंडमध्ये इतका कोरडा वसंत झाला नव्हता, आणि पुढे उन्हाळाही तसाच. २२ जुलैपासून आमच्या भागात पाइपबंदी लागली. बागेला पाइपनं पाणी घालायचं नाही, गाडी धुवायची नाही, मोडलं तर हजार पौंडांपर्यंत दंड. घराच्या खिडक्या पाइपनं धुणंही कायद्याच्या त्या यादीत आहे, फक्त आमच्यासारख्या धंदेवाल्यांना सहसा सूट मिळते. ही सूट लोकांना माहीत नसते. ऑगस्टमध्ये एका आजीबाईंनी फाटकातच धरलं. त्यांचे गुलाब वाळत होते, आणि मी त्यांच्या शेजाऱ्याच्या काचांवर पाणी उडवत होतो. सूट आहे, असं म्हणालो. त्या म्हणाल्या, ‘सूट असणं आणि शोभणं वेगळं.’ बाबा, तुमचाच वर्ग आठवला. दुसऱ्या दिवशी आरओच्या फेकाऊ पाण्याचे दोन कॅन त्यांच्या दारात ठेवले. गुलाब जगले. दर आठवड्याला रिकामे कॅन फाटकाबाहेर दिसतात, ते भरून ठेवतो. खिडक्या मात्र त्यांनी अजून मला दिलेल्या नाहीत.

एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती. जूनमध्ये रात्री टाकी भरायला लावली आणि सोफ्यावर डोळा लागला. टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता गोळा अडकला होता. दीड वाजता जाग आली तेव्हा गॅरेजच्या फरशीभर पाणी. तुमची सून रात्रपाळीला. नळ बंद केला आणि पहिल्यांदा काय केलं असेन? काचेची फडकी आणली, जमिनीवर टाकली आणि बादलीत पिळायला लागलो. बाजूलाच मोरी होती, झाडूनं लोटलं असतं तर पाच मिनिटांत मोकळा झालो असतो. पहाटे साडेतीनपर्यंत पिळत होतो. चार बादल्या निघाल्या.

आई, तुला आठवत असेल. ट्रेन यायच्या आधीचा मार्च. टँकरवरून आणलेला हंडा माझ्या पायानं स्वयंपाकघरात कलंडला. मला वाटलं तू मारशील. तू काही बोललीच नाहीस. साडीच्या जुन्या फडक्यानं फरशी टिपलीस, बादलीत पिळलंस, परत टिपलंस, आणि ते गढूळ पाणी संध्याकाळी संडासाला वापरलं. मला तेव्हा त्या न बोलण्याचा फार राग आला होता.

आता कढीपत्ता.

तुमच्या आरओची बारीक नळी तू बादलीत सोडली आहेस, आणि ते पाणी वाया जाऊ नये म्हणून कुंड्यांना घालतेस. बरोबर ना? तिथंच घोळ आहे. त्या पाण्यात गोड पाण्यातून काढलेले सगळे क्षार येऊन बसतात. माझ्याकडे तीनशे टीडीएसचं पाणी पाचशेचं होऊन बाहेर पडतं, तेवढं गुलाबाला चालतं. तुमच्या बोअरचं पाणी मुळात जड. समजा नऊशे असेल, आणि मशीन एका लिटरमागे तीन लिटर टाकत असेल, तर बादलीत बाराशे. रोज ते घातलं की पाणी उडतं, क्षार मातीत साचतात आणि पानाच्या कडा जळतात. कुंडीच्या कडेला पांढरी खपली धरली असेल, बघ.

तेव्हा ते पाणी फरशीला, संडासाला आणि खरकट्या भांड्यांच्या पहिल्या हाताला वापर. कुंड्यांना आणि तुळशीला नको. घटात तर चुकूनही घालू नकोस. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला पूर्वीसारखंच घाल. आणि सध्या एवढा पाऊस पडतोय तर कुंड्या सरळ अंगणात उघड्यावर ठेव. दोन चांगल्या सरींत मातीतले क्षार खालच्या भोकातून वाहून जातील. करपलेली पानं हिरवी होणार नाहीत, नवी फूट मात्र चांगली येईल.

बाबा, आता तुमचं काम. गावचा एक मुलगा दिवाळीला येतोय, त्याच्याकडे पेनाएवढा टीडीएस मीटर पाठवतो. चार पेले मांडा: बोअर, नगरपालिकेचा नळ, आरओचं गोड, आरओचं फेकाऊ. पाच दिवस रोज सकाळी आकडे वहीत उतरवा आणि मला फोटो पाठवा. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्या सरकारी मानकात टीडीएस पाचशेपर्यंत असावा असं आहे, दुसरं पाणीच नसेल तर दोन हजारांपर्यंत चालवून घेतात. नळाचं पाणी पाचशेच्या आत निघालं तर त्याला आरओ कशाला? ते गाळून, उकळून प्या, आणि मशीन फक्त बोअरच्या पाण्यापुरतं ठेवा. मीटरला जंतू दिसत नाहीत, तेवढं लक्षात ठेवा. दुकानदार काय म्हणाला होता ते बाजूला ठेवून तुम्हीच ठरवा, विज्ञान तुम्ही शिकवायचात.

विचित्र वर्ष आहे. इथं पाऊस आला तरी बंदी अजून उठलेली नाही, आणि तिकडे मांजरा धरणाचे दरवाजे उघडलेत म्हणता. ज्या धरणाच्या तळाला भेगा बघितल्या, त्याचं पाणी शेतात शिरलं. फोनवर तुम्ही ‘ठीक आहे, सगळ्यांचंच गेलंय’ म्हणालात, आणि विषय बदललात. खालच्या पट्टीतलं सोयाबीन पूर्ण गेलं का, की वरचं थोडं हाताला लागेल? पंचनाम्याला तलाठी आले का? बांध फुटला असेल तर आत्ता हात घालू नका, वाफसा येऊ द्या. पैसे पाठवले आहेत, ते बी-बियाणाला ठेवा. हे खिडक्यांचेच पैसे आहेत. मामांनी विचारलं तर आता तसंच सांगा.

आईच्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर ताईला सांगा. उद्या सकाळी नऊ घरं आहेत, सगळी एकाच गल्लीत. छपराखालची टाकी अर्धी भरली आहे, ती पुरेल.

तुमचा,
बाळू