वेल्समधल्या बाला गावच्या काकांस, गाडीची किल्ली काढून ठेवल्याबद्दल

प्रिय काका,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पत्र मराठीत आहे, म्हणजे तुम्हाला ते वाचताही येणार नाही. तुमच्या स्वयंपाकघरात बसून मी ते वाचून सांगेनच. पण हे आमच्या माणसांनीही वाचावं, कोयनेच्या माणसांनी तर नक्की वाचावं, म्हणून असं सगळ्यांसमोर लिहितेय.

आप्पा घरी सुखरूप पोचले. पोचल्यापासून ते बोलतायत. भावाचा फोन आला होता, म्हणाला, "आप्पांना तिकडे काय झालं? रोज जेवताना गावाच्या गोष्टी सांगतात." आमच्या घरात ही केवढी मोठी गोष्ट आहे ते तुम्हाला कसं कळावं? मी चाळिशी ओलांडली तरी आप्पांच्या तोंडून मला गावाबद्दल चार वाक्यं सलग ऐकायला मिळाली नव्हती. धरणात गेलं, एवढंच उत्तर. पुढे विचारलं की ते उठून जायचे.

आमचं गाव बामणोली-तापोळ्याच्या पट्ट्यातलं, कोयनेच्या अगदी काठचं. गाव उठलं तेव्हा आप्पा चौथीत होते. त्या खोऱ्यातली माणसं रायगड, ठाणे, रत्नागिरी, सांगली, सोलापूर अशी वाट फुटेल तिकडे पांगली. आमच्या वाट्याला ठाणे जिल्ह्यातलं एक माळरान आलं. भात लावणाऱ्या माणसांनी तिथे काय लावायचं? आप्पा मुंबईला गेले, मशीद बंदरला माथाडीचं काम धरलं आणि आम्हा भावंडांना शिकवलं.

आता ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्याबद्दल. प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यासाठी मी लहानपणी आप्पांबरोबर एका कचेरीत जायची. टेबलामागचे साहेब पेनाला टोपण लावतच बोलायचे, म्हणजे आम्ही खुर्चीत बसायच्या आधीच आमचं काम संपलेलं असायचं. एकदा त्यांनी सांगितलं, असं गाव होतं याचा पुरावा आणा. आप्पांनी हात जोडले आणि ते बाहेर आले. जिन्यात त्यांनी भिंत धरली होती, ती मला अजून दिसते. साहेब बदलले, टेबलं बदलली, पण आप्पांना बसा म्हणणारं कुणी भेटलं नाही.

आणि फक्त कचेऱ्यांनाच का बोल लावू? इंग्लंडात एका मराठी घरी गणपतीला गेलो होतो. शिकलेली, चांगल्या हुद्द्यावरची माणसं. कोयनेचा विषय निघाला तसे एक गृहस्थ म्हणाले, "अहो, पण त्या धरणामुळेच तर घराघरात दिवे लागले!" खरंच आहे. कोयनेची वीज १,९६० मेगावॉट आहे, त्या विजेच्या दिव्याखाली मीही अभ्यास केलाय. पण समोर बसलेल्या माणसाचं घर त्या पाण्याखाली आहे, हे कळल्यावर पहिलं वाक्य हे यावं? आप्पा हसले, ताटातला मोदक संपवला आणि परतीच्या वाटेवर एक अक्षर बोलले नाहीत.

आई गेल्यावर मी त्यांना इथे आणलं ते दिवस तुम्ही पाहिलेच आहेत. मी दिवसभर दवाखान्यात, आणि आप्पा खिडकीत. त्यांना इंग्रजी येत नाही, बालात तर दुकानातही वेल्श कानावर पडते. तुम्ही कुंपणापलीकडून हात करायचात, ते नमस्कार करायचे. मग एका संध्याकाळी तुम्ही दार वाजवलंत आणि खुणेनेच विचारलंत, गाता का? तुम्हाला कुणी सांगितलं होतं की आप्पा पहाटे अंघोळीनंतर अभंग म्हणतात? बहुतेक आमच्या भिंतींनीच सांगितलं असणार.

चॅपेलच्या मागच्या खोलीतली तुमच्या पुरुषांच्या कॉयरची, म्हणजे गायनवृंदाची, ती तालीम मी विसरणार नाही. तुम्ही आप्पांना बासवाल्यांच्या, म्हणजे खर्जात गाणाऱ्यांच्या, रांगेत शेजारी बसवलंत आणि हातात जुनं, कडा झिजलेलं पुस्तक दिलंत. त्यात पाच रेघांचं पाश्चात्त्य स्वरलेखन नव्हतंच. नुसती अक्षरं, त्यांच्यामध्ये दोन-दोन टिंबं, उभ्या रेघा. डो, रे, मी. तुमचा हा सॉल्फा १८६० नंतर चॅपेलांमधून पसरला आणि पियानो ज्यांना परवडत नव्हता अशी खाणीतली, शेतातली माणसं त्यावर चार-चार आवाजांत गायला शिकली, हे तुम्ही मला नंतर सांगितलंत. आप्पांना मात्र इतिहासाची गरज पडली नाही. त्यांनी बोटाने एकेक अक्षर धरलं, तोंडातल्या तोंडात सा रे ग म करून पाहिलं आणि तिसऱ्या कडव्याला त्यांचा आवाज तुमच्यात मिसळला. शब्द येत नव्हते तर नुसता आकार लावला. गावाकडच्या भजनी मंडळात त्यांनी कितीदा तरी असंच केलं असेल. कुणी त्यांच्याकडे वळून पाहिलं नाही, कौतुकाने टाळ्याही वाजवल्या नाहीत. तुम्ही फक्त पुस्तक दोघांच्या मध्ये सरकवलंत. आपल्यातल्या माणसाला वागवतात तसंच वागवलंत.

पण हे पत्र त्यासाठी नाही. हे पत्र लिन केलिन या धरणाच्या तळ्याकाठच्या त्या दुपारसाठी आहे.

आमच्या वाचकांना हे माहीत नसेल, म्हणून सांगते. बालापासून जवळच ट्रवेरिन नदीच्या खोऱ्यात कापेल केलिन नावाचं गाव होतं. शाळा, पोस्ट, चॅपेल, दफनभूमी, थोडी घरं आणि शेतं. सगळा व्यवहार वेल्श भाषेत. लिव्हरपूलच्या महापालिकेला पाणी हवं होतं. गावकऱ्यांनी १९५६ साली लेकराबाळांसह लिव्हरपूलच्या रस्त्यांवरून मोर्चा काढला. तरी १९५७ मध्ये लंडनच्या पार्लमेंटात कायदा झाला. वेल्सच्या एकाही खासदाराने त्याच्या बाजूने मत दिलं नाही, तरी झाला. १९६५ मध्ये धरणाचं उद्घाटन झालं तेव्हा लोकांनी एवढा गोंधळ घातला की समारंभ काही मिनिटांत गुंडाळावा लागला. गाव बुडालंच.

म्हणजे तिकडे आप्पांचं खोरं भरत होतं, त्याच सुमारास इकडे तुमचं.

जाताना गाडीत तुम्ही मला मायकल डी. जोन्सबद्दल सांगत होतात. बालाच्या धर्मशिक्षणाच्या कॉलेजचा हा प्राचार्य. भाषा आणि चॅपेल टिकवायचं तर लांब जाऊन आपली वसाहत करावी, ही कल्पना त्याने धरून ठेवली. आणि १८६५ मध्ये दीडशेच्या आसपास माणसं 'मिमोसा' जहाजातून थेट अर्जेंटिनातल्या पॅटागोनियात उतरली. चुबुट नदीच्या काठी आजही वेल्श बोलतात, चॅपेलात गातात, आणि इथून शिक्षक तिकडे शिकवायला जातात. ते जहाज सुटलं लिव्हरपूलहून. त्याच लिव्हरपूलात वेल्श माणसांची असंख्य घरं होती, चॅपेलं होती, तुमचं गाण्या-कवितांचं राष्ट्रीय आइस्टेडफॉड संमेलनसुद्धा १८८४, १९०० आणि १९२९ साली तिथे भरलं. हे ऐकताना मला आप्पा दिसत होते. कोयनेची वीज ज्या मुंबईत गेली, त्याच मुंबईत साताऱ्याच्या माणसांनी पाठीवरून पोती वाहिली. गाव बुडवणारं शहर परकं असतं तर त्याला शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. आपलीच माणसं तिथे पोट भरत असतात, म्हणून माणूस गप्प होतो. तुमचं तसं झालं आणि आमचंही. हे माझ्या त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं.

तळ्याच्या काठी, बुडालेल्या घरांचे दगड लावून बांधलेल्या त्या स्मारक-चॅपेलपाशी तुम्ही उभे राहून सांगितलंत की दफनभूमीतल्या आठ जणांना दुसरीकडे नेऊन पुरलं, बाकीचे तिथेच राहिले आणि वर काँक्रीट ओतलं. मी मराठीत सांगितलं. आप्पांनी मान हलवली. तेवढ्यात पाऊस आला, आपण पळत गाडीत बसलो. तुम्ही गाडी चालू केलीत, वायपर फिरायला लागले. पट्टा लावता लावता तुम्ही मला म्हणालात, "यांना विचार, यांच्या गावाचा देव कुठे नेला?"

काका, हा प्रश्न आप्पांना आजवर कुणी विचारला नव्हता. क्षेत्र किती, गट नंबर काय, खातेदार कोण, मोबदला मिळाला का, सगळं विचारून झालं होतं. मीही विचारलं नव्हतं.

आप्पा म्हणाले, "भैरोबा." आणि थांबले. मग पुन्हा म्हणाले, "भैरोबाला..." आणि तुम्ही गाडी बंद केलीत. किल्ली काढलीत, समोर काचेखाली ठेवलीत, पट्टा सोडलात आणि अंग वळवून त्यांच्याकडे तोंड करून बसलात.

एवढंच. याचेच आभार मानायचे आहेत.

त्यांनी सांगितलं ते मी दोन-तीन वाक्यं तुम्हाला इंग्रजीत सांगितलं असेल. मग तुम्ही माझ्याकडे न बघता हाताने खूण केलीत, राहू दे, त्यांना बोलू दे. काचा आतून धुरकटल्या, पाऊस थांबला, पुन्हा आला. आप्पा मराठीत बोलत राहिले आणि तुम्ही ऐकत राहिलात. भैरोबाचा चांदीचा मुखवटा माझ्या पणजोबांनी धोतरात बांधून डोक्यावरून आणला. मूळ पाषाण हलेना. गुरवाने त्याला अंघोळ घातली, नारळ ठेवला, आणि देवळाचं दार लोटून घेतलं नाही, उघडंच ठेवलं. पणजी तुळशीवृंदावनातली माती पदरात बांधून निघाली. नव्या जागी ती माती कुंडीत घातली, त्यातली तुळस जगली नाही म्हणून ती महिनाभर कुणाशी बोलली नाही. मुखवटा कितीतरी वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये राहिला. यातलं काहीएक मला माहीत नव्हतं. मागच्या सीटवर बसून मी माझ्याच घराची गोष्ट पहिल्यांदा ऐकत होते, तीही एका वेल्श मेंढपाळाच्या गाडीत.

बोलून झाल्यावर आप्पांनी स्वतःचा पट्टा लावला, तेव्हाच तुम्ही किल्लीला हात लावलात. घरी येऊन रात्री तुम्ही मला सगळं पुन्हा विचारून घेतलंत, मुखवट्याचं, गुरवाचं, तुळशीचं. पुढच्या तालमीत सगळ्या कॉयरला ठाऊक होतं, कारण सांगू का म्हणून तुम्ही आप्पांना आधी विचारलं होतंत. ते सगळे म्हातारे रांगेने आले आणि त्यांनी आप्पांचा हात हातात घेतला. चॅपेलातल्या बायकांनी चहा दिला. कुणी तुलना केली नाही, सल्ला दिला नाही, विजेचं नाव काढलं नाही.

मला वाटतं, तुमच्या लोकांना हे जमतं कारण तुम्ही स्वतःचं बुडालेलं गाव पुसू दिलं नाही. समुद्राकडच्या हमरस्त्यालगत त्या पडक्या भिंतीवर 'ट्रवेरिनची आठवण ठेवा' असं रंगवलेलं आहे. २०१९ मध्ये कुणी ती भिंत पाडली तर लोकांनी ती पुन्हा उभी केली आणि वेल्सभर ठिकठिकाणी तीच अक्षरं रंगवली. २००५ मध्ये लिव्हरपूलला माफी मागावी लागली. माफीने जमीन वर येत नाही, पण झालं ते चुकलं असं कुणीतरी म्हणालं. आमच्याकडे १९२१ साली सेनापती बापटांनी मुळशीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेवढा पाठ्यपुस्तकात येतो. नंतर बुडालेल्या गावांच्या भिंती कुणी रंगवल्या नाहीत. कोयनेची कितीतरी कुटुंबं आजही जमिनीसाठी मोर्चे काढतायत. त्यांच्याशी बोलायला बसणाऱ्या साहेबांनी निदान पेनाचं टोपण उघडं ठेवावं, माझी एवढीच मागणी आहे. माणसाने माणसाचं ऐकून घ्यायला कायदा लागत नाही, निधीही लागत नाही.

आता आप्पांचे निरोप. तुम्ही दिलेलं सॉल्फाचं पुस्तक त्यांनी भजनी मंडळाला दाखवलं. पेटीवाल्याने दोन चाली बसवल्यात, पण बासला माणूस नाही अशी तक्रार आहे. त्यांची कानटोपी तुमच्या गाडीत राहिली आहे, ती तुम्हीच वापरा म्हणतात. आणि चैत्रात भैरोबाची यात्रा आहे. आधी बामणोलीहून लाँचने जाऊन जिथे गाव होतं तिथल्या पाण्यात नारळ सोडायचा, मग ठाण्याला पालखी. तुमची जागा धरून ठेवली आहे. तेव्हा पासपोर्टची मुदत कधी संपते ते बघून ठेवा, उरलेलं मी पाहते.

तुमची,
शेजारची लेक