लॅबवाल्या मामांना, त्या निळ्या रंगासाठी

मामा, तुम्ही रिटायर झालात हे मला काल एका मित्राकडून कळलं, निरोप समारंभही होऊन गेला म्हणे आणि आम्हाला पत्ताच नाही. म्हणून हे लिहितोय, घरात कोणी वाचून दाखवलं तर बरं.

एसवायला सॉल्ट ॲनालिसिस, म्हणजे दिलेल्या क्षारात काय काय आहे ते ओळखणं, सुरू झालं आणि माझी वाट लागली. मला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. फेरिकचा, म्हणजे लोखंडाचा, पीपीटी (ट्यूबच्या तळाशी बसणारा साका) तांबूस तपकिरी, क्रोमियमचा राखाडी हिरवा, असं जर्नलात लिहिलेलं आणि माझ्या डोळ्यांना दोन्ही टेस्टट्यूबमध्ये तोच गढूळ चिखल! सरांना सांगितलं तर अख्ख्या बॅचसमोर "मग सिग्नल कसा ओळखतोस रे?" म्हणून हसले, वर आर्ट्सला जा म्हणाले. (ज्या डाल्टनचा अणुसिद्धांत ते शिकवायचे त्यालाही हेच होतं, 1794 मध्ये त्याने स्वतःच्या नजरेवरच पेपर वाचला होता. मला तेव्हा माहीत असतं ना...)

तुम्ही ट्यूब धुता धुता एवढंच विचारलंत, "निळा दिसतो ना?" दिसतो म्हटलं. मग फेरिकचा पीपीटी पातळ एचसीएलमध्ये विरघळवलात, थायोसायनेटची बाटली बाजूला सारलीत, "ही लाल करते, आपल्या कामाची नाही," आणि फेरोसायनाइडचे दोन थेंब टाकलेत. असला गडद निळा, शाई सांडल्यासारखा! क्रोमियमचा रंग बघूच नकोस म्हणालात, जास्तीच्या कॉस्टिक सोड्यामध्ये तो विरघळतो, फेरिक तसाच बसून राहतो.

पण खरं सांगायचंय ते परीक्षेच्या दिवसाचं. फेरोसायनाइड कायम पलीकडच्या रॅकवर असायचं. त्या दिवशी बाहेरचे एक्झामिनर, मी घामाघूम, आणि बघतो तर बाटली माझ्या टेबलाच्या टोकाला, पुसलेली, लेबल माझ्याकडे केलेलं. यात कॉपी वगैरे काही नव्हतं, वापरायची तर कोणीही वापरावी. तुम्ही बेसिनपाशी पाठमोरे, माझ्याकडे वळूनही बघितलं नाहीत. सरांना डॉक्टरेट होती हो, पण बाटली उचलून चार पावलं आणावी हे तुम्हाला सुचलं. अशी माणसं असतात म्हणून आमच्यासारख्यांचं निभतं.

आता पाणी तपासणीच्या लॅबमध्ये आहे, मशीन सरळ आकडा दाखवतं, रंगाची भानगडच नाही. दिवाळीत गावी येतोय, घरी असाल ना?